शांताबाईंना तरी मोकळा वेळ कुठे होता?

वाचकाचा प्रश्न : देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून हे पत्र आलंय. लिहिणाऱ्या ताईंचं वय ४८. घरची हापूसची बाग, थोडी भातशेती, घरात नवरा, सासूबाई आणि बारावीतली मुलगी. गेल्या वीस वर्षांत कवितांच्या पाच वह्या भरल्या, एका कादंबरीची चौदा प्रकरणं लिहून झाली आणि तिथेच थांबली. शांता शेळके हे त्यांचं दैवत. ताई लिहितात : "शांताबाई एकट्या होत्या, त्यांना संसार नव्हता, म्हणून एवढं लिहू शकल्या. मला पेट्या भरण्यातून डोकं वर काढता येत नाही. वाडीतल्या बायका गणपतीसाठी फुगडीची गाणी लिहून दे म्हणतात, पण असली मागणीवरची गाणी लिहून माझी कविता बिघडेल असं वाटतं. एका प्रकाशकांनी ९६ पानी संग्रहाच्या ५०० प्रतींसाठी ६५ हजार रुपये मागितलेत, पाटल्या मोडाव्या का? शिवाय कादंबरीतली सासू आमच्या घरात लगेच ओळखू येईल. टोपणनाव घेऊ का? की या वयात हा नाद सोडून देऊ?"

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न चार आहेत, पण मला ते सगळे पहिल्याच वाक्याला लटकलेले दिसतात : शांताबाई एकट्या होत्या म्हणून लिहू शकल्या. त्यांनी लग्न केलं नाही हे खरं. पण त्यांच्याकडे वेळ होता हे तुम्ही कुठून काढलंत?

जन्म १२ ऑक्टोबर १९२२, इंदापूरचा. लहानपणीच वडील गेले. शिक्षण पुण्यात, हुजूरपागेत आणि मग स. प. महाविद्यालयात. एम. ए. झाल्यावर आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग'मध्ये पाच वर्षं काम केलं. साप्ताहिकाची नोकरी म्हणजे काय हे तुम्हाला पेट्यांच्या भाषेत सांगते : गाडी ठरलेल्या वेळेला सुटते, माल तयार असो वा नसो. पुढे नागपूरला हिस्लॉप कॉलेज, मुंबईत रुईया, महर्षी दयानंद कॉलेज. वर्गात शिकवायचं, पेपर तपासायचे, आणि हे सगळं चालू असताना कविता, कथा, कादंबऱ्या, मुलांची पुस्तकं, सदरं, अनुवाद, सिनेमाची आणि नाटकाची गाणी. पुस्तकांची संख्या शंभराच्या वर जाते. पोटासाठी काम करणाऱ्या बाईनं उरलेल्या वेळात हे केलेलं नाही, कारण उरलेला वेळ असा काही नव्हताच. शब्दांचं जे काम पुढ्यात आलं, ते त्यांनी घेतलं आणि नीट केलं.

संसार करून लिहिणाऱ्यांचं उदाहरणच हवं असेल तर लक्ष्मीबाई टिळक घ्या. त्यांचे यजमान, रेव्हरंड टिळक, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. लक्ष्मीबाई लिहायला-वाचायला शिकल्या त्याच लग्नानंतर. त्यांच्या आठवणींची 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपानं येऊ लागली १९३४ साली, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. टिळकांच्या मागे अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्यही त्यांनीच पुरं केलं. तेव्हा ४८ व्या वर्षी नाद सोडायचा की नाही, यावर मी आणखी शाई खर्च करत नाही.

आता फुगडीच्या गाण्यांकडे येऊ. मला यावर जरा जास्त बोलायचंय, कारण तुमची खरी चूक इथे होतेय असं मला वाटतं.

'मी डोलकर डोलकर दर्याचा राजा', 'वादळवारं सुटलं गो', 'राजा सारंगा' ही तिन्ही कोळीगीतं शांताबाईंची. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. आपल्या किनाऱ्यावर एकही लग्नाची वरात या गाण्यांशिवाय पुढे सरकत नाही, आणि नाचणाऱ्यांतल्या निम्म्यांना ती पारंपरिक वाटतात. इंदापुरात जन्मलेल्या, पुण्यात वाढलेल्या, संस्कृत कोळून प्यायलेल्या बाईनं ती मागणीवरून लिहिली. बोली कोळ्यांची, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा. 'तोच चंद्रमा नभात' घ्या. शीला भट्टारिका या प्राचीन कवयित्रीच्या एका संस्कृत श्लोकातली कल्पना शांताबाईंनी भावगीतात आणली, सुधीर फडक्यांनी ती गायली. 'काटा रुते कुणाला' हे नाट्यपद, 'हे बंध रेशमाचे' या नाटकासाठी लिहिलेलं. म्हणजे तुम्ही ज्या शांताबाईंना देव्हाऱ्यात बसवलंय, त्यांची घराघरात पोचलेली कितीतरी रचना कुणीतरी 'लिहून द्या' म्हटल्यावर झालेली आहे. आणि त्याच हातानं 'वर्षा', 'गोंदण', 'अनोळख', 'पूर्वसंध्या' हे संग्रहही लिहिले. एकानं दुसरं बिघडलं असं काही दिसत नाही. उलट गाण्यानं त्यांच्या कवितेतला जडपणा झडला असं मला वाटतं.

मागणीवर लिहिताना काय शिकायला मिळतं? श्वास. वहीतली कविता डोळ्यांनी वाचली जाते, त्यामुळे कितीही लांब, कितीही जोडाक्षरांची ओळ खपून जाते. फुगडीत ती खपत नाही. 'निःशब्द क्षितिजावर सांजसावल्या' ही ओळ हात धरून गरगर फिरणाऱ्या बाईला म्हणता येते का बघा. 'निःशब्द'पाशी जीभ अडेल, 'क्षितिजावर'पाशी दम जाईल. तेच 'आली गौराय दारात' म्हणा. आठ अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, आणि सूर ताणायला तीन-चार ठिकाणी मोकळा 'आ'. दमलेल्या गळ्यातूनही ती निघते.

म्हणून असं करा. आधी वाडीतल्या ज्या बाईला जुनी गाणी येतात तिच्याकडून दोन-तीन चाली फोनवर रेकॉर्ड करून घ्या. शक्यतो फिरताना गायलेल्या घ्या, बसून गायलेली चाल संथ होते आणि फसवते. फेराचं गाणं आणि फुगडीचं गाणं वेगळं धरा. फेरात पावलं टाकत गातात, तिथे ओळ लांब चालते, गोष्ट सांगता येते, सासर-माहेर, भाऊ-भावजय सगळं येऊ द्या. फुगडीत वेग वाढत जातो, म्हणून ओळी आखूड होत गेल्या पाहिजेत. शेवटी शब्द जवळपास संपून नुसता ठेका राहिला तरी चालेल. चाल ऐकताना टाळी कुठे पडते त्या जागी कागदावर उभी रेघ मारा आणि दोन रेघांमध्ये किती अक्षरं मावतात ते मोजा. मग लगेच अर्थाच्या मागे लागू नका. 'लाला' किंवा 'आंबा चिंच फणस' असले काहीही शब्द घालून ओळ आधी चालीत बसवा, आणि त्यानंतर खरे शब्द आणा. चालीत जिथे स्वर लांबतो तिथे आ, ए, ओ हे स्वर येऊ द्या. जिथे चाल पळते तिथे जोडाक्षर नको.

दुसरं, एक जण ओळ सांगते आणि बाकीच्या झेलतात, ही आपल्याकडची रीत लक्षात ठेवा. झेलायची ओळ पहिल्यांदा ऐकून दुसऱ्यांदा म्हणता आली पाहिजे. ती कडव्यागणिक बदललीत तर दुसऱ्याच रात्री बायका तुमचं गाणं सोडून जुन्यावर जातील. गाणं लिहून झालं की चार जणींना कागद न देता शिकवा. ज्या शब्दावर तिघी अडखळतील तो शब्द काढा, मग तो तुम्हाला कितीही आवडलेला असो. ज्या ठिकाणी त्या आपणहून वेगळा शब्द म्हणतात, तिथे बहुतेक वेळा त्यांचाच बरा असतो.

आणि हे गाणं मालवणीत लिहा. तुमच्या पत्रात 'सांजवेळी मन उद्विग्न होते' असं एक वाक्य आहे, आणि दोनच ओळींनंतर सासूबाईंचं बोलणं तुम्ही मालवणीत दिलंय. दुसरं वाक्य पत्रातून उठून बोलतं. पहिलं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं. कवितेच्या वह्यांमध्येही 'उद्विग्न'च जास्त असेल असा माझा अंदाज आहे. चुकला असेल तर आनंद आहे.

आता वेळ. वर्षभर रोज पहाटे लिहा असला सल्ला बागायतदाराच्या घरात चालत नाही. मार्च ते मे तुमच्या हातात पेंढा आणि पेट्या. मग कॅनिंगचा आंबा, मग आगोट : लाकूडफाटा, मिरच्या-मसाला, पत्रे-कौलं. जुलैत लावणी, मग गणपती, दसऱ्याच्या आसपास कापणी, आणि थंडी पडली की मोहोर आणि फवारण्या. यात तुम्हाला दोन फटी सापडतील. एक लावणी आटोपल्यापासून गणपतीची साफसफाई सुरू होईपर्यंत, आणि दुसरी कापणी-झोडणी संपल्यापासून फवारणीची धांदल वाढेपर्यंत. कादंबरी या दोन फटींत लिहायची. पेट्यांच्या दिवसांत फक्त कविता आणि टिपणं, तीही खिशात मावेल एवढ्या छोट्या वहीत. लिहिता आलं नाही म्हणून एप्रिलमध्ये स्वतःला बोल लावू नका. एप्रिलमध्ये देवगडात कोण लिहितं?

हिशेब सोपा आहे. लाँगबुकचं एक पान साधारण २०० ते २५० शब्दांचं. रोज दीड पान धरलं तर ३०० शब्द. दोन्ही फटी मिळून ७० दिवस मिळाले तरी २१ हजार शब्द. मध्यम आकाराची कादंबरी ४० ते ५० हजारांची असते आणि तुमची चौदा प्रकरणं आधीच झालेली आहेत. म्हणजे दुरुस्त्या धरून दोन वर्षांचं काम. फट संपताना एक गोष्ट मात्र न विसरता करा : शेवटच्या पानावर पुढच्या प्रसंगात काय होणार ते चार ओळींत लिहून ठेवा. माझ्या मते कादंबऱ्या अडतात त्या वेळ नसल्यामुळे कमी, आणि दोन महिन्यांनी वही उघडल्यावर 'आता पुढे काय' हे आठवत नसल्यामुळे जास्त. वहीच्या उजव्या पानावरच लिहा, डावं दुरुस्तीला मोकळं ठेवा. प्रत्येक माणसाचं वय, गाव, नात्यातली हाक हे शेवटच्या पानावर एका जागी लिहा, नाहीतर तिसऱ्या प्रकरणातल्या 'काकी' नवव्यात 'मामी' होतात.

कविता की कादंबरी असाही एक सूर तुमच्या पत्रात आहे. निवड करायची गरज नाही. शांताबाईंचं पहिलं पुस्तक कथांचं, 'मुक्ता आणि इतर गोष्टी', १९४४ सालचं. पहिला कवितासंग्रह त्यानंतर, १९४७ चा. 'ओढ', 'धर्म', 'पुनर्जन्म' या कादंबऱ्या आहेत. गौरी देशपांडे यांनी आधी इंग्रजीत कविता लिहिली आणि पुढे मराठी कादंबरीला वेगळं वळण दिलं. कविता महाजन कवयित्री म्हणून माहीत होत्या, त्यांची 'ब्र' ही कादंबरी आली २००५ साली. फक्त कवितेची एक सवय कादंबरीत घात करते, ती म्हणजे प्रत्येक परिच्छेद सुंदर वाक्यावर संपवायची. कवीची कादंबरी वाचताना दम लागतो तो त्यामुळे. तुमची चौदा प्रकरणं घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाचं शेवटचं वाक्य पेन्सिलीनं खोडून वाचा. दहांतल्या सात वेळा ते नसल्यानं काही बिघडणार नाही.

टोपणनावाचं काय? याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं, लेखिका विभावरी शिरूरकर. त्यातल्या कथांमध्ये शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींची घुसमट इतकी उघड होती की मोठं वादळ उठलं आणि ही विभावरी कोण याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. घोडनदी म्हणजे शिरूर त्यांचं गाव, म्हणून शिरूरकर. हिंगण्याच्या कन्याशाळेत त्यांनी शिकवलं होतं. ज्या मुलींबद्दल लिहिलं त्या आसपासच्याच होत्या, तेव्हा नाव झाकण्याला कारण होतं. शांताबाईंनीही काही गाणी वसंत अवसरे या नावानं लिहिली. 'मराठा तितुका मेळवावा' या १९६४ च्या चित्रपटातलं 'रेशमाच्या रेघांनी' त्यातलंच. गंमत म्हणजे त्या चित्रपटाचं संगीत 'आनंदघन' यांचं, म्हणजे लता मंगेशकरांचं. दोन पुरुषी नावांमागे दोन बायका. आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या वेंगुर्ल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर कवितेसाठी आरती प्रभू झाले, ते उलट्या दिशेनं.

पण या सगळ्यांच्या आणि तुमच्या अडचणीत एक फरक आहे. शहरात टोपणनाव लपवतं. वाडीत लपवत नाही. पोस्टमन अंक आणून देईल, मुलीची मैत्रीण वाचेल, आणि आठ दिवसांत मंदिराच्या पारावर कळेल. तेव्हा सासूबाईंपासून लपायला टोपणनाव घेणार असाल तर ते वाया. घ्यायचंच असेल तर ते नाव तुम्हाला आवडतं म्हणून घ्या. कायद्यानं टोपणनाव चालतं. फक्त एवढं ध्यानात ठेवा की लेखकाचं खरं नाव उघड असेल तर कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि टोपणनावामागचं माणूस कधीच उघड झालं नाही तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. मुलीच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे. प्रकाशकाबरोबरच्या करारात खरं नाव जरूर असू द्या.

नावाऐवजी कादंबरीतली सासू बदला. ओळख पटते ती तीन-चार ठरावीक खुणांवरून : तिची लकब, तिचा एखादा आजार, घरात सगळ्यांना ठाऊक असलेला एखादा प्रसंग, आणि तिच्या तोंडचं नेहमीचं वाक्य. या चार गोष्टी काढा. तिला तुमच्या आत्याचे हात द्या, शेजारणीचं बोलणं द्या, बागेऐवजी खाडीकाठची कोलंबी विकणारी करा. राग तोच ठेवा. मग एक कसोटी घ्या : या बाईची बाजू तिच्याच तोंडून दोन पानं लिहून बघा, कादंबरीत घालायची नाहीत. ती दोन पानं लिहिताच येत नसतील, तर कादंबरीत सासू नाही, तुमची तक्रार आहे. तक्रार वाचकाला तिसऱ्या पानावर कंटाळवते. लिहिता आली, तर तुम्हाला दिसेल की मूळ प्रकरणातली निम्मी वाक्यं आपोआप बदलावी लागतात. आणि खरंच, सासूबाई पुस्तक वाचतील का? की दीर आणि जावांची भीती आहे? पत्रात तुम्ही 'घरच्यांना' म्हणता, नाव एकाचंही घेत नाही. ते एकदा स्वतःशी स्पष्ट करा. नवऱ्याला मात्र छापायच्या आधी वाचायला द्या. त्याला ते दुसऱ्याकडून कळणं सगळ्यात वाईट.

पाटल्या मोडू नका.

आता कारण सांगते. ६५ हजार भागिले ५०० म्हणजे प्रत १३० रुपयांना पडली. ९६ पानी कवितासंग्रहाची किंमत १५० ठेवलीत आणि विक्रेत्याला ३५ टक्के सूट दिलीत तर तुमच्या हाती येतात ९७ रुपये ५० पैसे. म्हणजे प्रत्येक प्रत विकली गेली तरी प्रतीमागे साडेबत्तीस रुपयांचा तोटा, आणि नव्या कवीच्या ५०० प्रती विकल्या जात नाहीत. पाचशे प्रती म्हणजे अर्ध्या क्विंटलच्या वर कागद. तो तुमच्या माळ्यावर पहिल्याच पावसाळ्यात फुगेल आणि दुसऱ्यात वाळवी धरेल. हा प्रकाशक फसवाच असेल असं मी म्हणत नाही. पण त्याला चार गोष्टी लेखी विचारा : कॉपीराइट कुणाकडे राहणार, किती प्रती मला आणि किती तुमच्याकडे, विक्रीचा हिशेब कधी देणार, आणि मजकुराची युनिकोड फाइल मला मिळणार का. पुस्तकाच्या ओळखीचा जो आयएसबीएन क्रमांक असतो, त्यासाठी वेगळे पैसे लावलेत का तेही बघा, कारण भारतात तो क्रमांक सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो. कॉपीराइटची नोंदणीही सक्तीची नाही, हक्क लिहिल्याक्षणी तुमचाच असतो. नोंदवायचंच असेल तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये आहे.

स्वतः काढायचं ठरलं तर लहान काढा. आपल्याकडे पुस्तक छापतात ते १६ पानांच्या फॉर्मात. डेमी आकारात ८० पानं म्हणजे बरोबर ५ फॉर्म. एका पानावर एक कविता आणि सुरुवातीची ८-१० पानं शीर्षक, अर्पण, अनुक्रमणिकेची धरली तर ६५ ते ७० कविता मावतात. ८४ पानं केलीत तर चार पानांसाठी फॉर्मचा तुकडा वाढतो आणि कागद फुकट जातो. पाच वह्यांतून ६५ कविता निवडणं हेच खरं काम आहे. ते एकट्यानं करू नका, आणि कौतुक करणाऱ्या मैत्रिणीलाही देऊ नका. डिजिटल छपाईत १०० प्रतीही निघतात. प्रत थोडी महाग पडते, पण एकूण पैसे कमी गुंततात आणि संपल्या की पुन्हा काढता येतात.

पण हे सगळं नंतर. पुस्तकाआधी अंक. दिवाळी अंकांचं साहित्य साधारण जून-जुलैत जमवायला लागतात. दिवाळीच्या तोंडावर पाठवलेली कविता कुणी वाचत नाही, आणि नवी माणसं नेमकी तेव्हाच पाठवतात. म्हणून आंबा आटोपला की पहिलं काम हे. एका अंकाला चार-पाच कविता, प्रत्येक कविता वेगळ्या पानावर, प्रत्येक पानाखाली नाव, पत्ता, फोन. सोबत दोन ओळींचं पत्र, 'माझ्या भावना कागदावर उतरवल्या आहेत' वगैरे नको. एकच कविता एका वेळी दोन अंकांना पाठवू नका, दोघांनी छापली तर दोन्ही संपादक दुरावतात. कुठली कविता कुठे पाठवली त्याची तारखेसह नोंद ठेवा. पाठवण्याआधी एखाद्या जुन्या वाचनालयात बसून गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक चाळा, कोण कसली कविता घेतं ते कळतं. आपल्याकडे त्याची उणीव नाही : रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या शाखा जिल्ह्यात आहेत. तिथे कविता वाचायला जा, पण दाद मोजायला जाऊ नका. कुठल्या ओळीवर माणसं चुळबुळतात ते बघायला जा. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. जाहिरात निघाली की तिच्या अटी वाचून संग्रह त्या मापात बसवा.

राहिल्या त्या पाच वह्या, आणि खरं तर मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. वीस वर्षांचं काम एकाच घरात, एकाच प्रतीत, खाऱ्या हवेत. पुढच्या पावसाच्या आत प्रत्येक पानाचा फोटो काढा. दिवसाच्या उजेडात, पडवीत, वही सपाट ठेवून, फ्लॅश बंद. एका वहीचा एक फोल्डर, आणि तो मुलीच्या ईमेलवर आणि एका पेन ड्राइव्हवर, तो पेन ड्राइव्ह माहेरी. टाइप करायला फोनवर बोलून लिहायची सोय गद्याला बरी पडते. मालवणीला नाही : 'खंय गेल्लंस' म्हटलं की फोन त्याचं भलतंच करतो, तेव्हा संवाद बोटांनीच लिहा. डीटीपीवाल्याकडून करून घेतलंत तर युनिकोडमध्येच मागा. जुन्या फॉन्टातली फाइल पाच वर्षांनी उघडली की नुसती चिन्हं दिसतात.

वह्या ठेवताना लोक एक चूक हमखास करतात. पावसात दमट झालेली वही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालतात. ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. आधी सावलीत, पानं पंख्यासारखी उघडी ठेवून पूर्ण वाळवा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. मध्ये कोरे पांढरे कागद घाला, वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. टाचण्या आणि स्टेपल काढून दोऱ्यानं शिवा, गंज पहिल्यांदा तिथूनच कागद खातो. कडुलिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण सुकलेला. आणि यापुढे जेल पेन नको, एका गळक्या कौलानं अख्खं पान पुसलं जातं. साधं बॉलपेन पाण्याला बरंच टिकतं.

प्रकाशकांना या आठवड्यात 'सध्या नाही' असं दोन ओळींत कळवा. वाडीतल्या बायकांना होकार द्या, दोन फेराची आणि एक फुगडीचं, यापेक्षा जास्त पहिल्या वर्षी नको. गाणी बसली की त्यांच्या झेरॉक्स निघतील, पुढच्या वर्षी त्या शेजारच्या वाडीत जातील आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी 'ही जुनी गाणी' म्हणून फोनवर टाकेल. म्हणून कागद देताना गाण्याखाली नाव आणि साल घाला. कुठलं नाव, ते तोवर तुमचं ठरलेलं असेल.